विचारा की! : तीन महिन्यांत स्पॅनिश होतंय का?

प्रश्न : ताई, मी विश्रामबागला राहते, मेकॅनिकल झालंय. आमच्या कंपनीचं मेक्सिकोतल्या एका प्लांटबरोबर काम सुरू होतंय आणि साहेब म्हणालेत तीन महिन्यांत स्पॅनिश बोलायला लागलीस तर तुलाच पाठवतो. मोबाईलवर पाच ॲप टाकलीत, चाळीस दिवसांची स्ट्रीक पण झाली, पण परवा तिकडचा कॉल आला तर 'ओला'च्या पुढं तोंडच उघडेना. कुठं चुकतंय?

उत्तर : अगं, पाच ॲप, तिथंच चुकतंय. सगळ्यांची पहिली वीस पानं झाली, एकविसावं कुणाचंच नाही. आणि स्ट्रीक म्हणजे आपण रोज ॲप उघडलं याचा पुरावा, बोलता येतं याचा नाही.

आधी खरं सांगून टाकते म्हणजे नंतर मला शिव्या घालणार नाहीस. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांच्या हिशोबात स्पॅनिश सोप्या भाषांत मोडते तरी साधारण सहाशे-सातशे तास वर्गातले लागतात, घरचा अभ्यास वेगळा. तू रोज दोन तास दिलेस तर तीन महिन्यांत १८० होतात. तेवढ्यात मीटिंग गाजवता येणार नाही, पण स्वतःची ओळख, वेळ, आकडे, 'मशीन बंद पडलंय', 'जरा हळू बोला, परत सांगा' एवढं येतं, आणि पहिल्या ट्रिपला तेवढं लई झालं.

आता दुसरी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नाही आणि माझं एक वर्ष वाया गेलं. बहुतेक ॲप इंग्रजीतून शिकवतात म्हणून आपण आधी इंग्रजीत वाक्य करतो आणि मग त्याचं स्पॅनिश, आणि तिथंच अडकतो. 'मे गुस्ता' शिकवताना इंग्रजीवाल्यांना पानभर समजवावं लागतं की इथं कर्ता उलटा आहे वगैरे, आणि आपल्याला? 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं', संपलं. 'मे गुस्तान लास उबास', मला द्राक्षं आवडतात. द्राक्षं अनेक म्हणून क्रियापद अनेकवचनी, दोन्हीकडं अगदी तसंच. पुढं, 'घर बघते' म्हणताना आपण ला लावत नाही पण 'मारियाला बघते' म्हणताना लावतो, बरोबर? स्पॅनिशमध्ये पण 'बेओ ला कासा' पण 'बेओ आ मारिया', तो 'आ' म्हणजे आपला 'ला'च समज. 'मी' म्हणायचीसुद्धा गरज नाही, 'बोलतेय' म्हणलं की कोण ते कळतं, तसंच 'आब्लो'. त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून, ट-ड नाही. लिंगं दोनच, नपुंसक नाही, म्हणजे आपल्यापेक्षा एक कमी! फक्त प्रत्येक शब्द 'एल' किंवा 'ला' सकट पाठ कर, कारण हात म्हणजे 'ला मानो', शेवटी ओ असून बाई, आणि दिवस 'एल दीआ', शेवटी आ असून बुवा.

जिथं मराठी कामाला येत नाही ते म्हणजे 'आहे' दोन आहेत, सेर आणि एस्तार. पुस्तकात कायमचं-तात्पुरतं असा नियम देतात तो अर्धवट आहे, त्यापेक्षा तासगावच्या बागेत उभी राहा. 'लास उबास सोन बेर्देस' (सोन हे सेरचं रूप) म्हणजे ही द्राक्षं हिरव्या जातीची, आणि 'लास उबास एस्तान बेर्देस' (एस्तान हे एस्तारचं) म्हणजे अजून कच्ची आहेत, तोडू नका. व्यापाऱ्यासमोर चुकलीस तर सौदाच मोडायचा. मी हे एकच वाक्य भिंतीवर चिकटवलेलं.

रोजचं काय करायचं ते सांगते. सकाळी चालायला जातेस ना, कानात 'लँग्वेज ट्रान्सफर'चा कम्प्लीट स्पॅनिश लाव, ९० छोटे ऑडिओ आहेत, पूर्ण फुकट. तो सर प्रश्न विचारतो की पॉज करून मोठ्यानं उत्तर द्यायचं, मनातल्या मनात नाही. मी कृष्णेच्या घाटावर असं बोलत जायचे, एका आजींनी माझ्या जावेला विचारलं, हिला बरं वाटतंय ना म्हणून. चालतंय की.

संध्याकाळी यूट्यूबवर 'ड्रीमिंग स्पॅनिश'चे सुपर बिगिनर व्हिडिओ, अर्धा तास. माणूस चित्रं काढत, हातवारे करत फक्त स्पॅनिश बोलतो, इंग्रजी नाही. पहिले आठ दिवस वाटेल काहीच कळंना, तरी बघ, कान तयार होतो. शब्दांसाठी अँकी, पाठांतराच्या कार्डांचं ॲप, अँड्रॉइडवर फुकट आहे (आयफोनवर विकत), रोज नवी दहाच कार्डं, त्यात सुटा शब्द नको, वाक्य घाल, आणि ती तुझ्या कामाची कर. तोर्नियो म्हणजे स्क्रू, तुएर्का म्हणजे नट, तुर्नो म्हणजे शिफ्ट, मेक्सिकोत स्पेअर पार्टला रेफाक्सिओन. दहाच का तर कार्डं परत परत येतात, मी दिवाळीत चार दिवस उघडलं नाही आणि भाऊबीजेला तीनशे कार्डं दारात उभी.

आणि दुसऱ्या आठवड्यापासून माणसाशी बोल. 'आयटॉकी'वर पैसे देऊन शिक्षक मिळतात, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास पुरे, पण मेक्सिकोचाच घे. मेक्सिको सिटी आपल्या साडेअकरा तास मागं, तुझे संध्याकाळचे सात तिकडं सकाळचे साडेसात, म्हणजे दोघांनाही जमतंय. मेक्सिकोचा घेतलास की स्पेनमधलं 'बोसोत्रोस' (म्हणजे 'तुम्ही सगळे') सोडून दे, तिकडं वापरत नाहीत, क्रियापदाच्या प्रत्येक तक्त्यातला एक खाना वाचला. तू-तुम्हीला 'तू' आणि 'उस्तेद', साहेबांशी उस्तेद. आणि 'आओरिता' शब्दापासून सावध. डिक्शनरीत 'आत्ता' दिलंय. माझ्या शिक्षिकेनं क्लासच्या आधी मेसेज केला आओरिता येते, मी चाळीस मिनिटं कॅमेऱ्यासमोर केस विंचरून बसले. नंतर कळलं, ते आपल्या 'आलोच बघा'सारखं आहे.

ड्युओलिंगो ठेव, डब्याच्या सुट्टीत दहा मिनिटं. बाकीची चार काढ.

प्रश्न : 'तीस दिवसांत फ्लुएंट' आणि सर्टिफिकेट, अशी जाहिरात बघून पैसे भरू का? – एक वाचक, कराड

उत्तर : नको. मी भरलेत, एक पीडीएफ आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप मिळाला, त्यात सगळे गुड मॉर्निंग टाकायचे. सर्टिफिकेट हवंच असेल तर देले नावाची परीक्षा आहे, इन्स्टिट्यूटो सेर्व्हान्तेस घेतं, त्यांचं केंद्र दिल्लीत आहे, पातळी ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी२ (सगळ्यात वरची) आणि एकदा पास झालं की आयुष्यभर चालतं. सिएले म्हणून दुसरी आहे, कॉम्प्युटरवर होते, ती पाच वर्षं. तारखा आणि फी त्यांच्या साईटवर बघा, एजंट नको.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६७, मिरज. मुलगा माद्रिदला, सूनबाई तिकडची. नातू चार वर्षांचा, व्हिडिओ कॉलवर भराभर स्पॅनिश बोलतो आणि मी नुसता हसतो. या वयात जमेल का?

उत्तर : सर, तुम्हाला परीक्षा द्यायची नाहीये, चार वर्षांच्या पोराशी बोलायचंय, म्हणजे वरचं बरंचसं तुम्हाला लागतच नाही. व्याकरण बाजूला ठेवा. यूट्यूबवर तिकडची बालगीतं लावा, आकडे, रंग, प्राणी, आणि आठवड्याला एकच गाणं पाठ करा. आजोबा म्हणजे 'आबुएलो', सुरुवात आपल्या 'आबा'सारखीच (योगायोग आहे, पण कामाला येतो). काही शब्द तर घरातच आहेत, आपल्याकडं पोर्तुगीजांकडून 'पगार' आलं, स्पॅनिशमध्येही पैसे देणं म्हणजे 'पागार', साबण म्हणजे 'हाबोन', पाव म्हणजे 'पान'. माद्रिदला थँक्यूला 'ग्राथियास' म्हणतात, थ म्हणताना जीभ दातात. मेक्सिकोवाले 'ग्रासियास', वरच्या मुलीचं ऐकून गोंधळू नका.

कॉलची वेळ मात्र सांभाळा, माद्रिद उन्हाळ्यात साडेतीन तास मागं आणि हिवाळ्यात साडेचार, म्हणजे पोरगं पाचला शाळेतून आलं की तुमचे साडेआठ नाहीतर साडेनऊ. जेवण त्याआधी उरका. पहिल्या कॉलला कुत्र्याचं चित्र घेऊन बसा आणि 'पेर्रो' म्हणा, र चांगला घोळवून, कारण नुसतं 'पेरो' म्हणजे 'पण'. तुम्ही मुद्दाम चुकलात तर तो जास्त खूश होऊन तुम्हाला शिकवेल, आणि मग त्याच्याकडनं 'भुभू' म्हणून घ्या.