सहावी ते आठवीला वेगवेगळे विषय शिकवताना रोज कोणत्या अडचणी येतात?

आपण विचारले आहे की, बी.एस्सी., बी.एड. झाल्यावर नाशिकमधील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांवर रुजू होताना गणित-विज्ञानाबरोबर इतिहास-भूगोलाचे तासही घ्यावे लागणार आहेत, तर रोजच्या कामात नेमके काय जड जाते. मी नाशिकमध्येच याच वर्गांना शिकवते आणि हे सगळे विषय कधी ना कधी माझ्या वाट्याला आलेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अनेक विषय एकाच शिक्षकाकडे येण्यामागे साधा हिशेब आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन गटांना किमान एकेक शिक्षक असावा लागतो. म्हणजे लहान शाळेत तीन वर्गांना तीनच शिक्षक असतात आणि त्यांतील एक जण रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की त्याचे तास उरलेल्या दोघांत वाटले जातात. शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर आपण गणित-विज्ञान घेऊन दिला असला, तरी वेळापत्रक त्याची फारशी दखल घेत नाही.

विषय येत नाही ही अडचण मला फार मोठी वाटत नाही, कारण आठवीचा इतिहास आदल्या रात्री नीट वाचून तयार करता येतो. खरी अडचण ही की, मुलाला समजलेले नाही हे प्रत्येक विषयात वेगळ्या ठिकाणी लपलेले असते आणि ते शोधण्याची रीत आपल्याला तासागणिक बदलावी लागते, तीही पस्तीस-चाळीस मिनिटांत, ज्यातील पहिली पाच हजेरी आणि वह्या काढण्यातच जातात.

गणितात हे त्यातल्या त्यात लवकर उघडे पडते. फळ्यावर (−३) + (−५) लिहिले की निम्मा वर्ग ८ म्हणतो, आणि का असे विचारल्यावर ‘मॅडम, दोन वजा आले की अधिक होतं ना’ असे उत्तर मिळते. गुणाकाराचा नियम बेरजेला लावलेला असतो आणि तो पाठ असल्यामुळे मुलांना त्याबद्दल तिळमात्र शंका नसते. अशा वेळी नियम पुन्हा सांगून उपयोग होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात आधीची तीन रुपयांची उधारी आहे आणि आज आणखी पाचांची झाली, तर दुकानदार तुलाच आठ रुपये देणार का, असे विचारले की वर्ग हसतो आणि उत्तर आपोआप दुरुस्त होते. याउलट द्राक्षबागायतदारांची मुले २०० लिटर पाण्याला लिटरमागे २ मिली औषध म्हणजे ४०० मिली हे तोंडी सांगतात, पण तेच गुणोत्तर-प्रमाणाचे उदाहरण म्हणून फळ्यावर मांडले की गप्प होतात. मूळ तूट बहुधा तिसरी-चौथीतील असते, भागाकाराची किंवा अपूर्णांकांची, आणि ती घेऊनच मूल आठवीपर्यंत आलेले असते. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा आली, त्यामुळे ही सगळी थकबाकी आठवीच्या शिक्षकाच्या दारात येऊन पडते.

इतिहासात मात्र न समजलेले दिसतच नाही. सहावीचे मूल सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीसाठी ‘त्रिसमुद्रतोयपीतवाहन’ (ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आहे असा) हे बिरुद अचूक लिहिते आणि आपण पूर्ण गुण देतो. पण हे तीन समुद्र कोणते असे विचारले की वर्ग एकमेकांकडे पाहू लागतो. ज्या शिलालेखात हे बिरुद आहे, तो आपल्या पांडवलेण्यांतील तीन क्रमांकाच्या लेण्यात आहे आणि वर्गातील कित्येक मुले त्रिरश्मी डोंगराच्या त्या पायऱ्या रविवारी चढून आलेली असतात, तरीही पाठ्यपुस्तकातील नाशिक आणि आपले नाशिक त्यांच्या मनात जोडलेले नसते. आठवीला १९०९ मधील नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाचा किंवा १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा उल्लेख निघाला, तरी हेच होते. म्हणून इतिहासाच्या तासाला मी पाठ्यपुस्तकातला प्रश्न सहसा विचारत नाही. जमल्यास भूगोलाचा नकाशा त्याच तासाला भिंतीवर टांगते, कारण ते तीन समुद्र तिथेच दाखवता येतात. गोदावरी अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही बंगालच्या उपसागराला का मिळते, हा प्रश्नही त्याच नकाशावर सुटतो. मुलांना ती मुंबईकडे जाते असे खुशाल वाटत असते.

विज्ञानाची तऱ्हा तिसरीच आहे. खिळ्याला तार गुंडाळून विद्युतचुंबक केला आणि टाचण्या चिकटल्या की सगळा वर्ग बाकांवर चढतो, पण वह्या पाहाव्यात तर निष्कर्ष गाइडच्या पुस्तकातून प्रयोगाआधीच उतरवलेला असतो. त्यावर उपाय म्हणून मी प्रयोगापूर्वी वह्या मिटायला लावते, प्रत्येकाकडून काय घडेल याचा अंदाज तोंडी वदवून घेते, आणि वेढे कमी केल्यावर किती टाचण्या गळून पडतात हे मुलांनाच मोजायला सांगते. यात तास हमखास अपुरा पडतो आणि पुढच्या तासाचे शिक्षक दारात उभे राहतात.

भाषांबद्दल थोडक्यातच सांगते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांतील मुलांचे हिंदी आपल्यापेक्षा चांगले असते आणि मराठी लेखनात ती अडखळतात. त्यांना मुद्दाम मराठी मुलांच्या शेजारी बसवावे.

कागदपत्रांचा भार गृहीत धरा. सहावीला आकारिक (वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटचे) मूल्यमापन पन्नास-पन्नास टक्के, तर सातवी-आठवीला चाळीस-साठ, आणि प्रत्येक विषयाच्या नोंदी वेगळ्या. चार विषय म्हणजे पाठांच्या पूर्वतयारीची चार टाचणे आणि तपासायच्या वह्यांचे चार गठ्ठे. वर्णनात्मक नोंदी सत्राच्या शेवटी एकदम लिहायला बसलात तर सगळ्या मुलांबद्दल तेच वाक्य लिहिले जाते, म्हणून रोज तीन-चार मुलांच्याच लिहाव्यात.

जूनमध्ये वेळापत्रक ठरण्यापूर्वी मुख्याध्यापकांना दोन गोष्टी नक्की विचारा: विज्ञानाचे आठवड्यातले दोन तास जोडून मिळतील का, आणि पोषण आहाराच्या सुट्टीनंतरचा पहिला तास गणिताऐवजी दुसऱ्या विषयाला देता येईल का. इतिहास आणि भूगोल घ्यावेच लागणार असतील, तर दोन वेगळ्या वर्गांचे घेण्यापेक्षा एकाच वर्गाचे दोन्ही मागून घ्या.