तिरकमठा: शस्त्र, हत्यार की अवजार?

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: आदिवासींच्या मोर्चाच्या बातमीत तिरकमठा (म्हणजे धनुष्यबाण), कुऱ्हाड, विळा यांना सरसकट 'पारंपरिक शस्त्रे' लिहितात, ते बरोबर का?

माझ्या मते नाही. आणि या चुकीचा भुर्दंड, ज्याच्या खांद्यावर कुऱ्हाड आहे त्याला बसतो.

मराठीत 'हत्यार' मोठा ऐसपैस शब्द. सुताराची पटाशी हत्यार, न्हाव्याचा वस्तरा हत्यार, खंडेनवमीला पुजतो तीही हत्यारंच. शेतकऱ्याचं 'आऊत' तर 'आयुध'वरूनच आलं, पण औत हाकणाऱ्याला कोणी लढवय्या समजत नाही. 'अवजार' अरबी-फारसीतून आला आणि कामापुरताच राहिला. 'शस्त्र' मात्र, शस्त्रक्रिया सोडली तर, आज मारामारीचाच वास घेऊन येतो.

विदर्भातल्या आठवडी बाजारात लोहाराकडे कुऱ्हाडीचं पातं बिनदांड्याचं मिळतं. दांडा घरीच बसवायचा, मिळाला तर धावड्याचा, कारण ते लाकूड चिवट. सरपण फोडायचं, कुंपणाचे खुंट तासायचे, याच कामांसाठी ती घरात असते. तिला शस्त्र म्हणायला जीभ वळत नाही.

कायद्यालाही हा फरक कळतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वस्तू ते शस्त्र; निव्वळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू, अगदी लाठी आणि साधी हातकाठीसुद्धा, त्यातून वगळल्या आहेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मात्र धनुष्यबाण, सुरी, जाळं, फास यांना सरळ शस्त्रांत मोजतो, आणि अभयारण्यात ती न्यायची तर लेखी परवानगी लागते. म्हणजे गावात जी सुरी भाजी चिरते, तीच पेंचच्या अभयारण्याची हद्द ओलांडली की शस्त्र ठरते. अशा वेळी बातमीदारानं आधीच 'शस्त्र' लिहून टाकलं, तर तो न्यायाधीशाच्या आधी निकाल देतो.

शिकारीचा हक्क ही वेगळी गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्यानं इतर पारंपरिक हक्क मानले, शिकारीचा वगळला, आणि ते मला पटतं. पण शिकार बंद झाली म्हणून आजोबांचा कमठा घरात असणं गुन्हा होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात, कलम २० मध्ये, उपजीविकेची स्वतःची साधनं निर्धास्तपणे वापरण्याचा हक्क मान्य केला आहे. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं होतं.

तेव्हा वस्तूचं नाव लिहावं: तिरकमठा, कुऱ्हाड, विळा, गोफण. एकत्र उल्लेख हवाच असेल तर 'शेतीची अवजारं आणि तिरकमठे' पुरे. कोणी त्यानं कोणावर वार केला, तर 'कुऱ्हाडीनं वार केला' असं लिहावं. पोलिसांनी 'शस्त्र' म्हणून जप्ती दाखवली असेल, तर तो शब्द त्यांच्या तोंडी, अवतरणात ठेवावा, आणि जप्त काय झालं ते पुढच्याच वाक्यात सांगावं.