ऑलिंपिकमधले अनोळखी खेळ पाहायला बसलं की दहा मिनिटांत कंटाळा येतो. ते पाहायचे कसे?

आधी नियमावली वाचत बसू नका. नियम ठाऊक नसले तरी चालतं. नजर कुठे ठेवायची हे कळलं नाही की मात्र कंटाळा येतो. मी अशा वेळी एकच गोष्ट शोधतो: या खेळात खेळाडू कशाला घाबरतो? काय झालं की वेळ, गुण किंवा अख्खी शर्यत हातची जाते? खो-खो पाहताना आपण नुसती पळापळ थोडीच पाहतो? पाठलाग करणारा मधेच मागे वळला का, खो नीट दिला का, याकडे डोळे असतात. परक्या खेळातही अशी एखादी जागा सापडली की बाकीचं पाहता पाहता उमगतं.

सुरुवात चालण्याच्या शर्यतीपासून करा. लोक पहिल्यांदा पाहतात तेव्हा कमरेच्या त्या लचकण्याला हसतात आणि चॅनेल बदलतात. पॅरिसमध्ये इक्वेडोरच्या डॅनियल पिंटाडोने २० किलोमीटर १ तास १८ मिनिटं ५५ सेकंदांत चालून सुवर्ण घेतलं. म्हणजे किलोमीटरला चार मिनिटांहून कमी. आपल्यातल्या बहुतेकांना हे पळूनही जमणार नाही. पण तुम्ही वेगाकडे पाहू नका, पावलांकडे पाहा. एक पाय कायम जमिनीवर दिसला पाहिजे, आणि पुढचा पाय टेकल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघा सरळ हवा. पंच रस्त्याच्या कडेला उभे राहून हे नुसत्या डोळ्यांनी बघतात, कॅमेऱ्याची मदत नाही. नियम मोडला असं वाटलं की पंच लाल कार्ड देतात, आणि कोणाची किती कार्डं झाली याचा फलक वाटेतच लावलेला असतो. हल्ली तिसऱ्या कार्डाला २० किलोमीटरमध्ये दोन मिनिटं बाजूला थांबावं लागतं आणि चौथ्याला बाद. पूर्वी तिसऱ्यालाच बाद करत. २००० साली सिडनीत ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल आपल्याच लोकांसमोर आघाडीवर होती, स्टेडियममध्ये शिरायच्या बेतात होती, आणि तिथे तिला लाल कार्ड दाखवलं गेलं. त्याच सिडनीत मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा पहिला आला, आनंद साजरा करू लागला, आणि मग त्याला बाद केल्याचं कळलं. एवढं माहीत असल्यावर तो फलक पाहत दीड तास कसा जातो कळतही नाही. निदान माझा तरी जातो. घरातले उठून जातात तो भाग वेगळा.

कनू स्लॅलमचंही तेच. खळाळत्या पाण्यात टांगलेल्या काठ्यांच्या फाटकांतून होडी न्यायची. हिरवी फाटकं प्रवाहाच्या दिशेने, लाल उलट वळून. काठीला होडी, वल्हं किंवा अंग नुसतं लागलं तर २ सेकंद वाढतात, फाटक चुकलं तर ५०. ही ५० म्हणजे जवळपास घरीच जा असं सांगणं. टोकियोत ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सला कायाकमध्ये, म्हणजे बसून दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायच्या होडीत, ४ सेकंदांचा दंड बसला आणि कांस्यावर समाधान मानावं लागलं. तो दंड नसता तर सुवर्ण तिचंच होतं. दोनच दिवसांनी कनूमध्ये, म्हणजे गुडघ्यांवर बसून एका पात्याच्या वल्ह्याने चालवायच्या होडीत, तिने सुवर्ण मिळवलं, पॅरिसला दोन्हींत मिळवलं, आणि तिची धाकटी बहीण नोएमी कायाक क्रॉसमध्ये, म्हणजे अनेक होड्या एकदम सुटतात त्या शर्यतीत, जिंकली. आईवडील दोघंही याच खेळातले, त्यामुळे घरात दुसरं काही बोलणं होत असेल का, देव जाणे.

स्टीपलचेस आपल्याकडे अविनाश साबळेमुळे थोडीफार पाहिली जाते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा सैनिक पॅरिसला या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला पहिला भारतीय पुरुष धावपटू ठरला आणि तिथे अकरावा आला. बातम्यांत ‘पदक हुकलं’ एवढंच आलं. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. नेहमीच्या हर्डल्ससारखे हे अडथळे पाय लागला की पडत नाहीत. तुम्हीच पडता. त्याच अंतिम शर्यतीत जागतिक विक्रम नावावर असलेला इथिओपियाचा लामेचा गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडखळून डोक्यावर आपटला. त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. तेव्हा कोण पुढे हे पाहण्यापेक्षा घोळक्यात अडकलेल्या धावपटूला समोरचा अडथळा वेळेत दिसतोय का, ते पाहा.

नेमबाजी टीव्हीवर खरंच रटाळ दिसते, हे कबूल. माणूस स्तब्ध आणि पडद्यावर आकडे. पण ५० मीटर थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी चुकवू नका. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, शेवटी उभं राहून. उभ्याने रायफल धरली की शरीर डोलतं, आणि नेमके तेव्हाच खेळाडू एकेक करून बाहेर काढले जातात. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी असलेला स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पहिल्या दोन टप्प्यांनंतर पदकांच्या बाहेर होता. उभ्याने नेम धरायची वेळ आली तसा तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर कांस्य घेऊन थांबला. ज्यांनी फक्त निकाल वाचला त्यांना हे कळायला मार्ग नाही.

आता व्यवहाराचं. टीव्हीवरचं चॅनेल भारतीय खेळाडूमागे पळतं, तो हरला की स्टुडिओत चर्चा. त्यापेक्षा ॲपवर त्या त्या खेळाचं स्वतंत्र प्रक्षेपण लावा. शक्यतो पात्रता फेरीही थोडी पाहा. तिथे चुका जास्त होतात आणि नियम आपोआप कळतात. २०२८ चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे, ते आपल्या साडेबारा तास मागे. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे पुष्कळशा अंतिम फेऱ्या चहाबरोबर पाहता येतील.

माझा हा उपाय सगळीकडे चालत नाही. ट्रॅक सायकलिंगमधली मॅडिसन घ्या: दोघादोघांच्या जोड्या, एकाने दुसऱ्याला हाताला धरून पुढे भिरकवायचं, दर दहा फेऱ्यांना गुण, बाकीच्या घोळक्यापेक्षा एक फेरी जास्त मारली तर वीस गुण. कोण पुढे, कोण मागे, काही पत्ता लागत नाही. तिथे मी डोळ्यात भरणाऱ्या रंगाची एक जर्सी निवडतो आणि तिच्यावरच नजर ठेवतो. पॅरिसला पुरुषांची ५० किलोमीटर होती. निवड चुकली तर पुरेपूर भोगावं लागतं.