तिसरी-चौथीच्या मुलांना शरीर, स्पर्श आणि नात्यांबद्दल कसं शिकवावं? पुरुष शिक्षकाने शिकवलं तर चालेल का?

चालेल सर. तुम्ही लिहिलंय की शाळा द्विशिक्षकी आहे, दोघेही पुरुष शिक्षक आहेत, तिसरी-चौथी तुमच्याकडे आहे आणि पालक काय म्हणतील याची धास्ती वाटते. मीही बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि मुलं आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. अशा मुलांना हे शिकवायला दुसरं कोण येणार? म्हणून सविस्तर लिहितो.

हे एका दिवसात उरकू नका. पाहुणे बोलवायचे, 'गुड टच बॅड टच'वर तासभर बोलायचं, फोटो काढून अहवाल पाठवायचा, यातून मुलांच्या हाती फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा परिपाठातली पाच मिनिटं रोज द्या. हजेरी झाली की "आज कसं वाटतंय?" एवढंच विचारा. सुरुवातीला सगळे एका सुरात "बरं वाटतंय सर" म्हणतील. मग एखादा म्हणेल, "राग आलाय." कशाचा रे? "आज्यानं मारलं." इथे उपदेश करायचा नाही, ऐकून घ्यायचं. राग, भीती, लाज हे ज्याला रोजच्या साध्या गोष्टींत सांगता येतं, त्यालाच उद्या कुणी त्रास दिला तर तोंड उघडता येतं.

शरीराचा विषय अंघोळीपासून काढा. परिसर अभ्यासात शरीर आणि स्वच्छता आहेच. दात, नखं, कान करत करत शू-शीच्या जागेपर्यंत या आणि तीही स्वच्छ कशी ठेवायची ते त्याच आवाजात सांगा. मुलं हसतील, हसू द्या. तुम्ही अवघडला नाहीत तर दोन मिनिटांत हसू ओसरतं. मग नियम सांगायचा. चड्डी-बनियनच्या आतलं अंग आपलं. ते दुसऱ्याने बघायचं नाही, हात लावायचा नाही, त्याच्या अंगाला हात लावायला आपल्याला सांगायचं नाही, मोबाइलमध्ये फोटो काढायचा नाही. आईने अंघोळ घातली किंवा आई शेजारी असताना डॉक्टरांनी तपासलं तर ते वेगळं.

'वाईट वाटलं की तो वाईट स्पर्श' असं मात्र शिकवू नका. त्रास देणारा माणूस पुष्कळदा आधी खाऊ देतो, लाड करतो, गाडीवरून फिरवतो. मुलाला वाईट वाटतंच असं नाही, त्याचा नुसता गोंधळ उडतो आणि 'मला तर आवडत होतं' म्हणून ते स्वतःलाच दोष देतं. नियम पक्का असला की हा पेच पडत नाही. तसंच 'अनोळखी माणसापासून सावध' एवढ्यावर थांबू नका. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12 हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि त्रास सोसलेल्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. म्हणून मुलींना वेगळं बसवून हा विषय घेऊ नका, मुलांनाही तो तितकाच लागतो.

माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अगदी साधी आहे. वहीच्या पानावर हात ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढायची आणि प्रत्येक बोटावर एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं, ज्याला आपण काहीही सांगू शकतो. निदान दोन नावं घराबाहेरची हवीत. आमच्या वर्गातल्या एका मुलाने अंगठ्यावर 'आई' लिहिलं, ते खोडलं आणि पुन्हा 'आई फोनवर' असं लिहिलं. पुढची तीन बोटं कोरी. त्याची आई कारखान्यावर होती आणि फोन मुकादमाच्या हातात. त्या कोऱ्या बोटांवरून मला कळलं की कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं. मग अंगणवाडीताईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या, आणि त्याने मधल्या बोटावर त्यांचं नाव लिहिलं. ही पानं जपून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढून घ्या.

'नको' म्हणायचा सरावही जोड्या लावून घ्या. एकाने म्हणायचं, "ये, पापी दे." दुसऱ्याने, "नको काका, नमस्कार करतो." मुलांना हा खेळ फार आवडतो. पण मूल घरी 'नको' म्हणालं आणि त्याला उद्धट ठरवलं तर सगळं वाया जातं, म्हणून पालकांना आधी सांगावं लागतं. आणि आपला हात आवरावा लागतो. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहेच. सकाळी छडी खाल्लेलं मूल दुपारी 'तुझं अंग तुझं' यावर विश्वास ठेवणार नाही.

पालकांकडे शाळा व्यवस्थापन समितीतून जा. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला. वर्गात जे बोलणार, जी चित्रं दाखवणार, ते सगळं आधी त्यांच्यापुढे ठेवा. माता-पालकांची सभा वेगळी घ्या. "एवढ्या लहान वयात कशाला?" असं कुणी म्हणेलच. त्यांना विचारा, पोरगं एकटं दुकानात जातं का, मोबाइल हाताळतं का? बहुतेक ठिकाणी विरोध तिथेच मावळतो. तास घेताना आशाताई किंवा अंगणवाडीताईंना बसवून घ्या आणि वर्गाचं दार उघडं ठेवा. यात मुलांची सोय आहे आणि तुमचीही.

शिकवलंत की एखाद दिवशी कुणीतरी येऊन सांगणार, हे धरून चाला. त्या वेळी "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" एवढं बोला. खोदून विचारू नका, चारचौघांत पुन्हा सांगायला लावू नका आणि 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका, कारण तो तुम्हाला पाळता येणार नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याचं, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याचं, कलम 19 सांगतं की ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच. न कळवणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याच हाताखालच्या माणसाबद्दल संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. गावात बैठक बसवून मिटवायला कुणी आलं तर स्पष्ट नाही म्हणा. मूल जे शब्द बोललं ते तसेच, तारीख घालून लिहून ठेवा. मुलाचं नाव बाहेर जाऊ देऊ नका. काय करावं सुचलं नाही तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. हा नंबर मुलांकडूनही पाठ करून घ्या.

राहिली मासिक पाळी. काही मुलींना ती नवव्या-दहाव्या वर्षीच येते, म्हणून चौथीतच सांगायला हवं. आपल्याला काहीतरी भयंकर रोग झालाय या भीतीने एखादी मुलगी दिवसभर बाकावरून उठत नाही, हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. आशाताई मुलींशी छान बोलतात, पॅड कसं लावायचं तेही दाखवतात. तुम्ही मुलांना सांगा की हा आजार नाही, विटाळ नाही, आणि कपड्यावर डाग दिसला तर हसायचं नाही, बाईमाणसाला बोलावून आणायचं. तुमच्याकडेही तोडीला जाणारी घरं असतील तर हा तास दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या. त्या मुली एकदा आईबापांबरोबर गेल्या की मार्च-एप्रिलशिवाय शाळेत येत नाहीत, आणि फडावर हे सांगायला कुणी नसतं.