टोकारेव, वेबली आणि चहाचं पातेलं

(वाचकांचे प्रश्न, सुभेदारांची उत्तरं. उत्तरं देणारे सैन्याच्या ई.एम.ई. या दुरुस्ती विभागातून आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, म्हणून निवृत्त झाले. आता देवळी तालुक्यात शेती करतात.)

प्रश्न : रामराम सुभेदार साहेब. माझा मुलगा तीन वर्षांपासून अमेरिकेत टेक्सासला नोकरीवर आहे, एच-१बी व्हिसावर. त्याला तिथं महायुद्धाच्या वेळचं रशियन टोकारेव पिस्तूल विकत मिळत आहे. एका गोऱ्ह्याच्या किमतीत येतं म्हणतो. सैन्यातून निघालेलं आहे, म्हणजे मजबूतच असेल. घेऊ द्यावं का? आणि दिवाळीला येताना सोबत आणता येईल का?
– एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण उत्तर लहान आहे. आणता येणार नाही. खासगी माणसानं परदेशातून हत्यार आणायची वाट आपल्याकडे १९८० च्या दशकापासून जवळपास बंदच आहे. नामांकित नेमबाजांची गोष्ट वेगळी.

पहिल्या प्रश्नात तुम्ही पिस्तुलाबद्दल विचारलं, पण मला खटकला तो व्हिसा. एच-१बीवाला, शिकायला गेलेला, फिरायला गेलेला, अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूकही बाळगता येत नाही अन् गोळीही. त्या कायद्यातच एक गमतीदार सूट लिहून ठेवली आहे. तिथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असला, की मग चालतं. ग्रीन कार्ड झालं, की ही भानगड राहत नाही. तुमच्या मुलाला सांगा, दुकानात जायच्या आधी हे वकिलाकडून समजून घे. तिकडं फॉर्मवर खोटी टिक केली, तर नोकरी जाईल आणि व्हिसाही जाईल.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी पोरगीही टेक्सासात आहे. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा जावईबापूंनी नेमकं हेच पिस्तूल घेऊन ठेवलं होतं. त्यांचं ग्रीन कार्ड आहे. दुकानात फॉर्म भरला, दुकानदारानं तिथूनच एफ.बी.आय.कडे चौकशी केली, पिस्तूल हातात. ५० वर्षांपेक्षा जुनं हत्यार तिथं ‘क्युरिओ’ धरतात. छंदिष्ट माणूस त्यासाठी ३ वर्षांचं ३० डॉलरचं वेगळं लायसन काढतो आणि असली हत्यारं पार्सलनं घरपोच मागवतो. आपल्याकडे एका रिन्यूअलसाठी किती चकरा होतात ते आठवून मी गप्प बसलो. मला मात्र त्याला हात लावायला शिकारीचा परवाना काढावा लागला. मी माळकरी आहे, आयुष्यात ससा मारला नाही. आमची मंडळी म्हणाली, “आता हेच राह्यलं होतं बाप्पा! गळ्यात माळ अन् खिशात शिकारीचं लायसन!”

आता पिस्तूल. जावयांनी ‘रशियन’ म्हणून घेतलं होतं. मी स्लाइडवरचा (वरच्या सरकत्या भागावरचा) शिक्का पाहिला, तर रुमानियाचं निघालं, साल १९५३. हे असंच होतं. टोकारेवचं डिझाइन रशियाचं, १९३० आणि १९३३ चं, पण युद्धानंतर पोलंड, रुमानिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया, चीन सगळ्यांनी ते बनवलं. खरं युद्धकाळातलं सोव्हिएत पिस्तूल कमी मिळतं आणि महाग असतं. रुमानियाचं वाईट नाही. फक्त पैसे रुमानियाचे द्यावेत.

खोक्यातून काढलं तेव्हा ते काकवीत बुडवल्यासारखं होतं. सैन्य हत्यार वर्षानुवर्षं गोदामात ठेवताना असं जाड ग्रीस थापतं. ते पूर्ण काढल्याशिवाय फायर करू नये. फायरिंग पिनच्या, म्हणजे गोळीच्या बुडावर आदळणाऱ्या सळईच्या, भोकात ग्रीस घट्ट बसलं, तर पिन पुढं जाऊन तिथंच अडकू शकते. मी सगळं खोललं. खोलताना हात आपोआप चालले, कारण आमचं ९ मि.मी. ब्राउनिंग, इशापूरच्या कारखान्यातलं, आणि हे, दोन्ही एकाच ब्राउनिंग साहेबाच्या विचारातून निघालेले. फरक म्हणजे ब्राउनिंगमध्ये १३ राऊंड, यात ८. आणि यात घोडा अन् त्याची सगळी यंत्रणा एका ठोकळ्यात आहे, चिमटीत धरून वर उचलली की पूर्ण बाहेर. गोळी वर सरकते ते ओठही त्याच ठोकळ्यात कोरलेले, म्हणून मॅगझिनचे (गोळ्यांच्या पेटीचे) ओठ थोडे वाकले तरी गोळी सहसा अडकत नाही. ज्यानं हे केलं त्यानं चिखलातला जवान डोळ्यासमोर ठेवून केलं. मी ते टेबलावर ठेवून पाचेक मिनिटं नुसतं पाहत होतो. जावयांना वाटलं, काही बिघडलं.

मूळ टोकारेवला सेफ्टी नाही. घोडा अर्ध्यावर थांबतो, बस. अमेरिकेत आयात करायला सेफ्टी लागते, म्हणून आयात करणाऱ्यांनी मागाहून एक खटका बसवून दिलेला असतो. जावयांच्या पिस्तुलावरचा तो खटका कवाडाला सुतळीनं बांधलेल्या कडीसारखा होता. त्याच्या भरवशावर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या गोळीच्या घरात, गोळी ठेवून कमरेला लावायचं नाही.

घेताना काय पाहायचं ते मुलाला सांगा. स्लाइड मागं ओढून रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहायचं, मग करंगळी चेंबरमध्ये घालून चाचपायचं. दोन्ही. नळीतून उजेडाकडे पाहायचं. आतल्या आट्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, स्पष्ट हव्यात. चेचकाच्या व्रणांसारखे खड्डे असतील तर किंमत पाडा, आणि कुठं अंगठीसारखं काळं वर्तुळ दिसलं तर पिस्तूल परत द्या. तिथं नळी एकदा फुगलेली असते. नळी, स्लाइड, फ्रेम यांचे नंबर जुळतात का पाहा. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढं ढकलणारी) मात्र न पाहता बदलून टाकायची. ७० वर्षांची स्प्रिंग म्हणजे म्हातारा बैल, उभा राहतो पण ओढत नाही. तिला फारसे पैसेही पडत नाहीत.

फायर केलं तेव्हा पहिल्या तीन गोळ्या खाली गेल्या. मूठ सरळ आहे, आमच्या ब्राउनिंगसारखी कलती नाही, त्यामुळं हात सवयीनं नळी खाली धरतो. मनगट थोडं उचललं, मग पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. धक्का फार नाही, पण आवाज! ७.६२ ची ती गोळी लहानशी, पण सेकंदाला ४०० मीटरच्या वर जाते. कानाला मफ होते तरी छातीत ठोका बसला. शेजारच्या लेनमधले गोरे आजोबा वाकून पाहू लागले. ह्या गोळीसारखीच जुन्या माउझर पिस्तुलाची ७.६३ ची गोळी दिसते, मापही जवळपास तेच. पण टोकारेवच्या गोळीतला मसाला (दारू) जास्त कडक, ती माउझरमध्ये घालू नये.

खरी चूक त्यानंतर झाली. जावयांनी पत्र्याच्या सीलबंद डब्यातल्या जुन्या सैनिकी गोळ्या आणल्या होत्या, स्वस्त पडतात म्हणून. घरी येऊन त्यांनी नळीला तेल लावलं आणि पिस्तूल कपाटात ठेवलं. मी म्हटलं, काढा ते बाहेर. असल्या गोळ्यांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराईड उरतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. वरून कितीही तेल लावा, ते खाली बसून हवेतला ओलावा ओढतं, आठ दिवसांत नळी आतून लाल. आमच्या उस्तादांच्या .३०३ रायफलच्या काळात नळीतून उकळतं पाणी ओतायचे, मग चिंदी, मग पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), मग तेल. मी पोरीच्या स्वयंपाकघरात पाणी ठेवलं आणि नरसाळं लावून नळीतून ओतलं. पहिलं पाणी राखाडी निघालं. पोरगी धावत आली, “बाबा, ते चहाचं पातेलं आहे!” ते पातेलं आता त्यांच्या गॅरेजमध्ये असतं.

आणखी एक. रेंजवरून आल्यावर माझ्या शर्टाच्या खिशात एक जिवंत राऊंड निघाला. जुनी सवय, खाली पडलेला उचलून खिशात. तो शर्ट घालून मी नागपूर विमानतळावर उतरलो असतो, तर पेन्शनच्या वयात आर्म्स ॲक्टची केस लागली असती. मुलाला सांगा, येण्याआधी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटक.

प्रश्न : माझे सासरे मार्चमध्ये वारले. कपाटात कापडात गुंडाळलेलं मोठं रिव्हॉल्व्हर, १९ गोळ्या आणि लायसनची वही सापडली. रिव्हॉल्व्हरवर वेबली आणि १९१७ असं लिहिलं आहे, वहीत .४५५ बोअर (नळीचं माप). शेवटचं रिन्यूअल बरंच जुनं आहे. ह्यांचं म्हणणं, दसऱ्याला पूजा करून एक बार काढू, मग बघू पुढचं. मला भीती वाटते.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, भीती बरोबर वाटते. दसऱ्याची वाट पाहू नका. लायसन असणारा माणूस गेला आणि वहीही संपलेली, म्हणजे आज ते हत्यार तुमच्या घरात बिनपरवाना आहे. ठाण्यात फोन करा, सांगा की सासऱ्यांचं हत्यार जमा करायचं आहे. वही आणि मृत्यूचा दाखला सोबत ठेवा. पावतीवर हत्याराचा नंबर, बोअर आणि गोळ्यांचा आकडा लिहून घ्या. १९ म्हणजे १९. “काही गोळ्या” असं लिहिलेली पावती घेऊ नका.

वारसाला लायसन मिळण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. बाकीच्या भावाबहिणींची ना-हरकत लागेल. पण तुमची अडचण बोअरची आहे. ९ मि.मी., .३८, .४५५, .३०३ ही सैन्य-पोलिसांची मापं, प्रोहिबिटेड (मनाई असलेले) बोअर. .३२ असतं तर जिल्हाधिकारी कचेरीत काम भागलं असतं; ह्याची फाईल दिल्लीला गृहमंत्रालयाकडे जाते. आपल्या ह्यांना विचारा, तेवढी दगदग करायची आहे का. आता एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, २०१९ च्या आधी तीन चालत. घरात ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असेल, तर तीही मोजा.

बार काढण्याबद्दल. एक तर आनंदाचा बार काढणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लायसनवाल्यालाही. दुसरं, त्या गोळ्या. इतक्या जुन्या गोळीची टोपी मेलेली असते, किंवा अर्धी मेलेली, आणि अर्धी मेलेली जास्त वाईट. चाप ओढला की धाड न होता नुसतं ‘फुस्स’ होतं. माणूस म्हणतो, फुसकी निघाली, दुसरी मार. पहिली शिसाची गोळी नळीच्या मध्यात अडकून बसलेली असते. दुसरी तिला मागून धडकते. माझ्या टेबलावर एकदा असं हत्यार आलं होतं, नळीला मधोमध लिंबाएवढा फुगवटा. चालवणाऱ्याचा अंगठा वाचला, ते त्याचं नशीब.

हत्यार म्हणून विचाराल तर वेबली मार्क ६ सुंदर चीज आहे, १९१५ पासूनची. वजन किलोच्या वर. घोड्याच्या डावीकडची कळ अंगठ्यानं दाबली की नळी पुढं झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उडतात. हे तुम्ही करून पाहू नका. जमा करताना ठाण्यातल्या माणसाला करू द्या, आणि तेव्हा तुम्ही त्याच्या मागं उभ्या राहा. आणि ते कातडी म्यानात असेल तर बाहेर काढून कापडात ठेवायला सांगा. कातडं ओलावा धरतं. एका पावसाळ्यात असं म्यान चांगल्या हत्याराला गंज चढवतं.

प्रश्न : रोही (नीलगाय) आणि डुकरांनी हरभरा खाल्ला. पिस्तुलाचं लायसन मिळेल का?
– एक तरुण शेतकरी, ता. समुद्रपूर

उत्तर : पीक राखायला पिस्तूल मिळत नाही. कायद्यात त्यासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. आणि लायसन मिळालं म्हणजे जनावर मारायची परवानगी मिळाली असं नव्हे, ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. समजा पिस्तूल मिळालंच, तर रात्री हातातल्या बॅटरीच्या उजेडात, पळत्या डुकरावर, १५ पावलांवर तुम्ही काय माराल? मी २८ वर्षं ह्या धंद्यात होतो, मी मारू शकणार नाही. जखमी डुक्कर मात्र तुम्हाला शोधत येईल. नुकसान झालं की लगेच वनखात्यात अर्ज द्या, पंचनामा करून घ्या.

एका वाचकानं विचारलं आहे की, “बाहेरून” स्वस्तात पिस्तूल मिळत आहे, नळी तपासून द्याल का.

नाही. ती नळी बहुधा पाण्याच्या पाइपाची असेल. पत्र मी चुलीत टाकलं. पाकिटावरचा शिक्का दिग्रसचा होता, एवढं माझ्या लक्षात आहे.