विनोदी नटी टुणटुण आधी पार्श्वगायिका होत्या, हे खरं आहे का?

हो, अगदी खरं. 'दर्द' (1947) मधलं 'अफसाना लिख रही हूँ' त्यांनीच गायलंय, उमादेवी या नावाने; संगीत नौशादांचं. पडद्यावर ते मुनव्वर सुलतानाच्या तोंडी आहे, त्यामुळे आवाज कुणाचा हे चटकन कळत नाही. जुन्या श्रेयनामावलीत मात्र उमादेवीच दिसेल. पुढच्याच वर्षी 'चंद्रलेखा'तही त्या गायल्या. मग लताबाईंचा जमाना आला, जुन्या ढंगाच्या गळ्यांना काम कमी झालं आणि 'बाबुल' (1950) पासून त्या टुणटुण झाल्या. फक्त 'आवाज गेला म्हणून नटी झाल्या' असं समजू नका. गळा शाबूत होता, पट्टी तेवढी मर्यादित होती. गाणं एकदा डोळे मिटून ऐका. नंतरची, जाडीवरच्या विनोदांची टुणटुण आठवणारही नाही.