देवमासे बघायला जाताय? आधी हेरिंग कुठे आहे ते विचारा

मागच्या अंकात मी नॉर्वेच्या उत्तरेला हिवाळ्यात बोटीतून देवमासे बघायला गेले होते त्याबद्दल लिहिलं, आणि त्यावर इतके प्रश्न आले की एकेकाला वेगळं उत्तर देणं काही जमणार नाही. सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न: ताई, आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी पाच दिवस उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात जातोय. सोबत सासूबाई आहेत, वय ६८, गुडघे दुखतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. एकीकडे वाचलं की ट्रॉम्सोजवळ आता देवमासे येतच नाहीत, दुसरीकडे ट्रॉम्सोहून रोज बोटी सुटताना दिसतायत. खरं काय? आणि बोट कुठली घ्यावी?

अहो ताई, दोन्ही खरं आहे, आणि यातली गोम कळली की निम्मं प्लॅनिंग झालंच म्हणून समजा. देवमासे तिथे हवा खायला येत नाहीत, हेरिंग खायला येतात. हेरिंग म्हणजे हातभरसुद्धा नसलेला चंदेरी मासा, उन्हाळाभर नॉर्वेजियन समुद्रात चरतो आणि थंडी पडली की लाखोंनी, कोट्यवधींनी खोल फ्योर्डांमधे (म्हणजे डोंगरांमधे आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांमधे) येऊन नुसता पडून राहतो, मग फेब्रुवारीच्या आसपास अंडी घालायला दक्षिणेकडे निघून जातो. म्हणून सीझन साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. हेरिंगच्या मागे ऑर्का, हंपबॅक, कधीकधी फिन व्हेल या जातींचे देवमासे, आणि या सगळ्यांच्या मागे मच्छीमार बोटी आणि शेवटी आपण.

आता गंमत अशी की हेरिंग दर काही वर्षांनी मुक्काम हलवते. १९९० च्या दशकात हे सगळं बरंच दक्षिणेला, टिसफ्योर्ड नावाच्या फ्योर्डात चालायचं. मग ते सरकत वर आलं, काही वर्षं ट्रॉम्सोला लागूनच असलेल्या क्वालोया बेटाच्या फ्योर्डांत होतं (क्वाल म्हणजे देवमासा, बेटाच्या नावातच आहे बघा), तेव्हा लोक गाडी रस्त्याकडेला लावून किनाऱ्यावरून हंपबॅक बघायचे. २०१७ च्या आसपास हेरिंगने तिथून गाशा गुंडाळला आणि अजून उत्तरेला शेर्वोय गाव आणि क्वेनांगेन फ्योर्डाकडे गेली. का गेली याचं कारण विचारलं तर मच्छीमारसुद्धा खांदे उडवतात. त्यामुळे तुम्ही वाचलेला जुना लेख त्याच्या वर्षापुरता बरोबर होता, आणि माझा हा लेखही त्याच न्यायाने शिळा होऊ शकतो. बुक करायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, या सीझनला हेरिंग कुठे आहे आणि तुमची बोट तिथे पोचायला किती तास घेते. सरळ उत्तर आलं तर पुढे बोला, "नॉर्दर्न लाइट्सच्या देशात अविस्मरणीय अनुभव" वगैरे आलं तर दुसरा नंबर लावा.

सासूबाईंसाठी मोठी, बंद केबिनची बोटच घ्या, रिबचा विचार पण नको. रिब म्हणजे कडेने हवेचे जाड नळ असलेली उघडी छोटी स्पीडबोट, घोड्यासारखं खोगीर धरून बसायचं आणि लाटेवर आपटत जायचं, गुडघे-पाठ-मणके असलं काही दुखणं असेल किंवा कोणी गरोदर असेल तर कंपनीवालेच नाही म्हणतात. मोठ्या बोटी ट्रॉम्सोहून सकाळी निघतात, हेरिंग शेर्वोयकडे असेल तर नुसतं जायलाच तीनेक तास, तेवढेच यायला, म्हणजे दिवसभराचं काम आणि प्रत्यक्ष देवमाशांजवळ दोन-अडीच तास. आत ऊब, खिडक्या, टॉयलेट, गरम सूप. काही बोटी हायब्रिड आहेत, देवमाशांजवळ गेल्यावर इंजिन बंद करून बॅटरीवर चालतात, आणि त्याचा फायदा आपल्या कानांना होतो ते पुढे सांगतेच.

तुम्ही दोघं धडधाकट असाल तर दुसरा रस्ता म्हणजे सरळ शेर्वोयलाच दोन रात्री राहणं. छोटंसं मच्छीमारांचं गाव आहे, ट्रॉम्सोहून गाडीने बर्फाच्या रस्त्यावर जवळपास चार तास, किंवा किनाऱ्याने जाणारी रोजची प्रवासी बोट संध्याकाळी निघून रात्री पोचवते. तिथून रिबची फेरी तीनेक तासांची असते आणि त्यातला बराच वेळ देवमाशांपाशी जातो. मला विचाराल तर मी दुसऱ्यांदा शेर्वोयच करेन. पण बोटीच्या दिवसानंतर एक मोकळा दिवस हातात ठेवा, वारा वाढला की फेरी रद्द होते आणि तिथला वारा तुमचं परतीचं तिकीट बघून वाहत नाही.

प्रश्न: डिसेंबरमधे तिथे सूर्यच उगवत नाही म्हणतात. मग अंधारात दिसणार काय? आणि फोटो?

दादा, सूर्य उगवत नाही म्हणजे मिट्ट काळोख असा सगळ्यांचाच गैरसमज असतो, माझाही होता. ट्रॉम्सोला साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही, शेर्वोय अजून उत्तरेला म्हणून तिथे थोडं जास्तच. पण दुपारच्या सुमाराला तो क्षितिजाच्या जरासाच खाली असतो, त्यामुळे चारेक तास संधिप्रकाश मिळतो, वर निळा, दक्षिणेकडे गुलाबी-नारिंगी आणि बर्फाचे डोंगर त्या दोन्हीत न्हालेले. आपल्याला पहाट आणि संध्याकाळ सवयीची असते, मधला दिवसच काढून टाकलेला असा दिवस मी तिथेच पहिल्यांदा बघितला. आकाश ढगाळ असेल तर मात्र नुसतं करडं, तेही सांगून ठेवते.

आणि खरं सांगू का, देवमासा आधी ऐकू येतो. इंजिन बंद झाल्यावर सगळे गप्प झाले, मी उजवीकडे बघत होते आणि डावीकडून एकदम ट्रकचा एअरब्रेक सोडल्यासारखा फस्सकन आवाज आला, वळून बघेपर्यंत नुसता वाफेचा खांब हवेत उभा होता. वारा आमच्याकडे होता म्हणून दोन सेकंदांनी वास पोचला, सडक्या माशाचा, असला घाण की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मफलर नाकावर ओढला. मग काळी पाठ आली, ती संपतच नव्हती, आणि शेवटी शेपूट सावकाश वर येऊन खाली गेली. हंपबॅक तेरा-पंधरा मीटर लांब असतो हे वाचलेलं असतं हो, पण वाचलेलं आणि ते यात फरक आहे. शेपटीच्या खालच्या बाजूचे पांढरे-काळे डाग प्रत्येकाचे वेगळे, आपल्या बोटाच्या ठशासारखे, त्यावरूनच कळलं की इथे हेरिंग खाऊन जाणारे काही हंपबॅक पिल्लं घालायला थेट कॅरिबियन समुद्रात जातात, सरळ रेषेत मोजलं तरी आठ हजार किलोमीटर.

फोटोचं थोडक्यात. प्रकाश कमी, बोट हलतेय, देवमासा पण हलतोय, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) बिनधास्त वाढवा आणि शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेऊ नका, फोटोत दाणे आले तरी चालतील पण धुरकट शेपूट कोणाला दाखवणार. बॅटरी थंडीत फटाफट उतरतात, जादाची आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. फोनवाल्यांनी फोटोपेक्षा व्हिडिओ घ्यावा. आणि बाहेरून केबिनमधे आलात की कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं आणि पुढचा अर्धा तास गेला. माझा गेला.

प्रश्न: मला कारमधे मागे बसलं तरी उलटी होते. बोट लागली तर?

लागू शकते, खोटं कशाला बोलू. फ्योर्डात आत असेपर्यंत पाणी बऱ्यापैकी शांत असतं पण मोठ्या बोटीच्या वाटेत मोकळ्या समुद्राचे पट्टे येतात आणि तिथे पिशव्या वाटायला सुरुवात होते. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच आणा आणि बोट सुटायच्या तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरगच्च नाश्ता करूनही नको. मधोमध, खालच्या मजल्यावर बसा, फोन बघू नका, नजर लांब डोंगरांच्या रेषेवर. माझ्या शेजारचे काका जाताना सहा जणांना आल्याच्या गोळ्या वाटत होते आणि येताना स्वतःच पिशवी धरून बसले होते, तर गर्व कोणीच करू नये.

प्रश्न: देवमासे नाही दिसले तर पैसे परत मिळतात का?

पैसे बहुधा नाही, पण काही कंपन्या दुसऱ्या दिवशीची फेरी फुकट देतात, हे आधी लेखी विचारून घ्या. मोठी बोट काय किंवा रिब काय, माणशी साधारण दीड ते अडीच हजार क्रोनर (नॉर्वेचं चलन) जातात, म्हणजे हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. हेरिंग फ्योर्डात असताना न दिसण्याची शक्यता कमी असते, पण सीझनच्या दोन्ही टोकांना जुगारच. माझी पहिली फेरी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात होती, कंपनीचं नाव घेत नाही, बुकिंग घेताना "रोज दिसतायत" आणि बोटीवर चढल्यावर गाइड म्हणतो गेले चार दिवस काही नाही. त्या दिवशी दोन समुद्री गरुड दिसले, छान होते, पण मी गरुडाचे पैसे भरले नव्हते.

जर जानेवारी हुकला असेल तर दक्षिणेला अंडेनेस गाव बघा. तिथे समुद्रतळाची खोल दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते आणि त्या दरीत शिकार करणारे नर स्पर्म व्हेल वर्षभर असतात, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे हे बोटींचं काम चालू आहे. त्यांचं हेरिंगशी काही देणंघेणं नाही, ते खोल पाण्यातल्या म्हाकुळांमागे असतात.

प्रश्न: इतक्या बोटींनी त्या प्राण्यांना त्रास होत नाही का? आणि नॉर्वेत तर देवमासे मारतात असं ऐकलंय.

होतो. आणि मारतात. १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, नॉर्वेने तिला हरकत नोंदवलेली आहे आणि १९९३ पासून मिंके जातीच्या देवमाशाची शिकार पुन्हा सुरू केली, ट्रॉम्सोतल्या काही हॉटेलांच्या मेनूवर ते मांस असतं. हंपबॅक आणि ऑर्काला मात्र हात लावत नाहीत. सकाळी देवमासा बघून संध्याकाळी तोच मेनूत वाचताना मला विचित्र वाटलं, तिथल्या लोकांना अजिबात वाटत नाही, हा त्यांचा आणि माझा प्रश्न.

बोटींचं म्हणाल तर चांगला कप्तान लगेच ओळखू येतो. ऑर्का शिकार करत असतील तर तो लांबच थांबतो. त्यांची पद्धत बघण्यासारखी असते, हेरिंगच्या थव्याभोवती गोल गोल फिरत त्याचा चेंडू करायचा, तो वर पृष्ठभागाकडे रेटायचा आणि मग शेपटीचा असा तडाखा द्यायचा की मासे गरगरून पडतात, ते एकेक करून निवांत खायचे. वरून आपल्याला दिसतात फक्त त्यांच्या पाठीवरचे काळे उभे पंख, मोठ्या नराचा जवळजवळ माणसाएवढा उंच, आणि वर सीगलचा कल्लोळ. सगळं उरकल्यावर पाण्यावर हेरिंगचे खवले तरंगत राहतात, टिकल्या सांडल्यासारखे. या सगळ्याच्या मधे बोट घुसवली की थवा फुटतो आणि त्यांची मेहनत वाया. म्हणून कप्तानाला "अजून जवळ घ्या ना" म्हणणारे प्रवासी आपण होऊ नये, मी एकीला तोंडावर सांगितलंय, तिने उरलेला दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

प्रश्न: ताई, मी २४ वर्षांची आहे, मला ड्रायसूट घालून पाण्यात उतरायचंय, ऑर्कांसोबत. घरचे घाबरतायत. शिवाय कपडे काय न्यायचे? आणि रिबवर टॉयलेट असतं का?

घरच्यांना सांग की मोकळ्या समुद्रात ऑर्काने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. पण मी तरी आत्ता जा म्हणणार नाही, ऑर्कामुळे नाही, बाकीच्या कारणांमुळे. पाणी चार-पाच अंश असतं, उजेड कमी, आजूबाजूला बोटींचे पंखे फिरतायत, आणि हंपबॅक खालून तोंड उघडून वर येतो तेव्हा तिथे कोण तरंगतंय ते तपासून येत नाही. ड्रायसूटची सवय आधी दुसरीकडे करून घे, मग ठरव.

कपडे, आत लोकरीचा अंगाला घट्ट थर, वर फ्लीस, मग जॅकेट, सुती काहीही नको, घाम धरून ठेवतं आणि मग तू कुडकुडतेस. रिबवर कंपनी वरून जाड तरंगता सूट देतेच. मिटन (बोटं वेगळी नसलेले हातमोजे) आण, बोटांचे ग्लोव्हज एकटे पुरत नाहीत, आणि स्कीचा गॉगल, कारण वेगात बर्फाचे कण डोळ्यात सुया टोचल्यासारखे लागतात. बूट एक नंबर मोठे, दोन मोजे मावतील असे.

रिबवर टॉयलेट नसतं. तो सूट घालायलाच दहा मिनिटं आणि दुसऱ्या माणसाची मदत लागते, तेव्हा घालायच्या आधी जाऊन ये, आणि कॉफी परत आल्यावर पी.